पबमेडवर पेपर शोधायचा कसा आणि लायब्ररीतून मिळवायचा कसा: गोव्यातल्या पीजीवाल्यांसाठी

एमडी-एमएसच्या थिसिसच्या सिनॉप्सिसची, म्हणजे आराखड्याची, तारीख जवळ आली की बांबोळीपासून फोंड्यापर्यंतच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. अर्धे म्हणतात "मॅडम, माझ्या टॉपिकवर काहीच पेपर नाहीत हो", उरलेले म्हणतात "मॅडम, चाळीस हजार आले, काय करू". दोघांचं दुखणं एकच, बॉक्समध्ये काय टाइप केलं ते. तिसरा एक गट असतो, त्यांना पेपर सापडलेला असतो पण तो उघडायला तीस-पस्तीस डॉलर मागतोय आणि हे बिचारे कार्ड काढायच्या बेतात असतात. थांबा रे, काढू नका.

शोधणं आणि मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ जातो. शोधायचं पबमेडवर. ही वैद्यकीय पेपर शोधायची, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट, १९९६ साली सुरू झाली, १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट आहे आणि आज तिथे साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत. पण नोंद म्हणजे पेपर नव्हे. नोंदीत शीर्षक, लेखक, जर्नलचं नाव आणि बहुतेक वेळा अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपराचा सारांश, असतं, अख्खा पेपर असतो प्रकाशकाकडे, आणि त्याची वर्गणी भरते तुमच्या कॉलेजची किंवा विद्यापीठाची लायब्ररी. म्हणजे शोधायला लॉगिन लागत नाही, मिळवायला बऱ्याचदा लागतं. एम्बेस, स्कोपस, वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस वर्गणीचे आहेत, तुमच्या लायब्ररीत असतील तर जरूर वापरा, पण आधी पबमेड हाताखालून जाऊ द्या, कारण युक्त्या सगळीकडे साधारण त्याच.

गूगल स्कॉलर चालत नाही का, हा प्रश्न येतोच. पहिली ओळख करून घ्यायला चालतं. पण ते एका सर्चचे पहिले हजारच रिझल्ट दाखवतं, क्रम कसा लावला ते सांगत नाही, आणि परीक्षकाने विचारलं "सर्च कसा केला ते दाखव" तर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागद

एक खरं उदाहरण घेऊन पुढे जाऊ. काणकोणात किडनीचे पेशंट जास्त दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना डायबेटिस नाही, बीपी नाही, नेमकं कारण सापडत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलंय. असाच प्रकार आंध्रात उद्दानमला आहे, श्रीलंकेत आहे, मध्य अमेरिकेत ऊसतोडणी करणाऱ्यांमध्ये आहे. आता "काणकोणातला किडनीचा आजार" हा झाला विषय, हा प्रश्न नाही, आणि विषय टाइप केला तर ढीगच येणार. प्रश्न असा पाहिजे: उन्हात शेतीची कामं करणाऱ्या मोठ्या माणसांमध्ये उष्णतेचा ताण आणि कारण न कळलेला किडनीचा आजार यांचा संबंध आहे का?

मेथडॉलॉजीच्या लेक्चरला पायको शिकवतात ना, पेशंट कोण, इंटरव्हेन्शन किंवा एक्स्पोजर काय, तुलना कशाशी, आउटकम काय, ते इथे कामाला येतं. पण चारही गोष्टी सर्चमध्ये घालायच्या नसतात, हे लेक्चरला कोणी सांगत नाही. दोन किंवा तीन घ्या. तुलना तर सहसा घालूच नका, कारण अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ती लिहिलेली असेलच असं नाही, आणि मग चांगले पेपर गळून जातात.

कागदावर तीन रकाने आखा: आजार, माणसं, उष्णता. प्रत्येक रकान्यात एकाच गोष्टीची जितकी नावं सुचतील तितकी लिहा. इथे कंटाळा करू नका. बाजारात आपली नुस्तेकान्न जिला इसवण म्हणते तिलाच मुंबईचा पाहुणा सुरमई म्हणून मागतो, तसं इथेही. आजाराच्या रकान्यात क्रॉनिक किडनी डिसीज, क्रॉनिक रीनल फेल्युअर, नेफ्रोपथी, सीकेडी, शेवटी यू लावलेलं सीकेडीयू, मेसोअमेरिकन नेफ्रोपथी, आणि अननोन किंवा अनसर्टन ईटिऑलॉजी, म्हणजे कारण न कळलेलं. ईटिऑलॉजीचं स्पेलिंग अमेरिकन वेगळं आणि ब्रिटिश वेगळं, ब्रिटिशमध्ये सुरुवातीला ए जास्तीचा, दोन्ही लिहा. माणसांच्या रकान्यात फार्मर, अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर, शुगरकेन, प्लँटेशन. उष्णतेच्या रकान्यात हीट स्ट्रेस, डिहायड्रेशन, हॉट टेम्परेचर. हे सगळं बॉक्समध्ये इंग्रजीतच टाइप करायचं हे वेगळं सांगायला नको.

पहिला सर्च साधाच करा, पण पबमेडने काय केलं ते बघा

आधी काहीही खटाटोप न करता साधे शब्द टाका, क्रॉनिक किडनी डिसीज फार्मर्स हीट, आणि एंटर. आता रिझल्ट वाचत बसू नका. सर्च बॉक्सच्या खाली अ‍ॅडव्हान्स्ड लिहिलेलं असतं तिथे जा, खाली हिस्टरीचा तक्ता दिसेल, त्यात तुमच्या सर्चसमोर डिटेल्सचा छोटा बाण असतो, तो उघडा. तुम्ही पाच शब्द टाकले होते आणि पबमेडने त्याचा भला मोठा परिच्छेद करून ठेवलेला असतो. तुमचा शब्द त्याने स्वतःच्या शब्दकोशातल्या विषयशब्दाशी जुळवला, एकवचन-अनेकवचन जोडलं, वर तुमचा मूळ शब्दही सगळीकडे शोधला. चांगलं केलंय की वाट लावलीय, ते तिथेच कळतं. माझ्या मते पबमेड शिकायचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच बाण, कुठल्याही वर्कशॉपपेक्षा.

एक लक्षात ठेवा, तुम्ही अवतरणचिन्हं टाकली, किंवा शब्दाला तारा लावला, किंवा चौकोनी कंसात टॅग (कुठे शोधायचं ते सांगणारी खूण) दिला, की ही आपोआप जुळवणी बंद होते. ते बरंही असतं आणि वाईटही. म्हणून अवतरण लावायचं ते समजून लावायचं, उगाच सगळ्याला नाही.

मेश म्हणजे काय भानगड

नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून विषयशब्दांची एक यादी ठेवलीय, तिला मेश म्हणतात, त्यात आता तीस हजारांच्या आसपास शब्द आहेत आणि दरवर्षी ती सुधारतात. लेखकाने पेपरात रीनल फेल्युअर लिहू दे नाहीतर किडनी डिसीज लिहू दे, मेडलाइनमधल्या (हा पबमेडचा मुख्य, निवडक जर्नलांचा भाग) पेपराला ठरलेला मेश शब्द चिकटवला जातो. आपल्या आजाराचा मेश शब्द आहे "रीनल इन्सफिशियन्सी, क्रॉनिक", असा उलटा, मध्ये स्वल्पविराम घालून.

पबमेडच्या पहिल्या पानावर खाली मेश डेटाबेसची लिंक आहे. तिथे तुमचा शब्द टाका, जो मेश शब्द येईल त्यावर क्लिक करा, आणि पान नीट वाचा. वर व्याख्या असते, मग हा शब्द कोणत्या वर्षी यादीत आला ते असतं (तो नवीन असेल तर जुने पेपर दुसऱ्याच शब्दाखाली सापडतात), मग एंट्री टर्म्सची, म्हणजे त्याच गोष्टीच्या दुसऱ्या नावांची, यादी असते. ही एंट्री टर्म्सची यादी म्हणजे फुकटचं सोनं, त्यातली नावं उचला आणि आपल्या कागदावरच्या रकान्यात भरा. अगदी खाली झाड दिसतं, वरचे मोठे विषय, खालचे छोटे. मेश शब्द घेतला की त्याच्या फांदीवरचे छोटे विषयही पबमेड आपोआप घेतं, नको असतील तरच त्या पानावर खालचे शब्द वगळायची टिकची खूण लावायची.

मेजर टॉपिकची खूण (ज्यात तो विषय मुख्य आहे तेवढेच पेपर) मात्र सुरुवातीला लावू नका, पेपर खूप कमी होतात.

आता मेश इतका चांगला तर नुसता मेशच का नको? कारण नव्या पेपरांना मेश शब्द लागायला वेळ जाऊ शकतो, आणि काही पेपरांना तो कधीच लागत नाही, कारण पबमेडमधलं सगळंच मेडलाइनमध्ये नसतं. २०२२ पासून हे शब्द लावायचं काम मशीन करतं त्यामुळे वेग वाढलाय, पण मशीन ते मशीन. म्हणून प्रत्येक रकान्यात मेश शब्द अधिक साधे शब्द, दोन्ही.

ब्लॉक बांधायचे

एकदम लांबलचक सर्च लिहू नका. रकान्यागणिक एक ब्लॉक.

पहिला ब्लॉक आजाराचा: मेश शब्द अवतरणात आणि त्याला चिकटून चौकोनी कंसात एमएच (मेशचा टॅग), मग ऑर, मग "क्रॉनिक किडनी डिसीज" अवतरणात आणि कंसात टीआयएबी, मग ऑर, सीकेडीयू टीआयएबी, मग ऑर, नेफ्रोपथ पर्यंत लिहून तारा आणि टीआयएबी, असं करत रकाना संपवायचा. टीआयएबी म्हणजे शीर्षकात, अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये आणि लेखकाने दिलेल्या कीवर्डमध्ये शोध. तारा लावला की पुढचं काहीही चालतं, नेफ्रोपथी एक असो की अनेक. ताऱ्याच्या आधी कमीत कमी चार अक्षरं लागतात. सर्च मारा, आकडा बघा, पुढे चला. दुसरा ब्लॉक माणसांचा तसाच, फार्मर्स हाही मेश शब्द आहे. तिसरा उष्णतेचा.

मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, हिस्टरीत तीन ओळी दिसतील आणि त्यांना नंबर असतील, बॉक्समध्ये हॅशसकट एक अँड दोन अँड तीन असं जोडा. एकाच रकान्यातले शब्द ऑरने, रकाने एकमेकांना अँडने. अँड आणि ऑर इंग्रजी कॅपिटलमध्येच लिहायचे, स्मॉलमध्ये लिहिले तर पबमेड ते जोडशब्द म्हणून धरत नाही. आणि पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, शाळेच्या गणितासारखं आधी हे मग ते असं काही नाही, त्यामुळे एकाच ओळीत अँड-ऑर मिसळले तर गोल कंस हवेतच. ज्यांना विचित्र आकडे येतात त्यांच्यात कंस विसरलेलेच जास्त.

ब्लॉकचा फायदा असा की गडबड कुठे झाली ते दिसतं. शेवटी दोनच पेपर आले तर तीनपैकी कोणता ब्लॉक बारीक आहे ते हिस्टरीतल्या आकड्यावरून कळतं, तेवढाच दुरुस्त करा. आपल्या उदाहरणात उष्णतेचा ब्लॉक काढून बघाच, कारण पाणी, सिलिका, कीटकनाशकं असल्या दुसऱ्या कारणांवरचे पेपर तुम्हाला डिस्कशनच्या वेळी लागणारच आहेत.

नॉटपासून लांब राहा. नॉट चिल्ड्रन टाकलं की मुलं आणि मोठे दोघांवरचा पेपरही जातो.

२०२२ च्या शेवटापासून जवळपासचा शोधही आलाय. दोन शब्द अवतरणात, आणि टीआयएबीच्या पुढे कोलन, टिल्डची नागमोडी खूण आणि एक आकडा. किडनी आणि हीट हे शब्द पाच शब्दांच्या आत कुठल्याही क्रमाने आले की पेपर मिळतो. यात तारा चालत नाही.

सगळ्यालाच एवढा कारखाना लागत नाही हां. सत्तरीतल्या माकडतापावर काम करणाऱ्या पोरीला मी हे तीन ब्लॉक बांधू दिले नसते. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिमोग्यात सापडलेला रोग, गोव्यात २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात आला. नाव इतकं वेगळं आहे की नुसतं क्यासनूर टाकलं तरी पुरतं, वर गाळण्या लावल्या तर हातचं जाईल. काजू वेचणाऱ्यांचा संबंध बघायचाय म्हणून काजूचा ब्लॉक घालाल तर जवळजवळ काहीच उरणार नाही, त्यापेक्षा आलेली शीर्षकं डोळ्यांनी वाचून काढा, एक दुपार जाईल.

"गोवा" टाकल्यावर काय येतं

हे सगळेच करतात म्हणून वेगळं लिहितेय. बॉक्समध्ये नुसतं गोवा टाकलं की येतात गोवा आडनावाचे लेखक, जीन ऑन्टॉलॉजी अ‍ॅनोटेशनचं लघुरूप असलेले जीनचे पेपर, आणि ज्यांचा पत्ता गोव्याचा आहे असे सगळे, त्यात दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचे समुद्रातल्या जिवाणूंवरचे पेपरही आले. तुम्हाला काय हवंय ते ठरवा. गोव्यातल्या लोकांवर झालेला अभ्यास हवा असेल तर गोवा आणि टीआयएबी. गोव्यातल्या संस्थांनी लिहिलेलं हवं असेल तर गोवा आणि एडी, म्हणजे लेखकाचा पत्ता. पहिला सर्च करून बघाच, मानसिक आरोग्यावर गोव्यातून किती काम झालंय ते बघून चकित व्हाल. आरोग्य केंद्रांतल्या पेशंटना साधं प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून मदत देणारी मानस ट्रायल लॅन्सेटमध्ये २०१० साली आली ती इथलीच.

पण काणकोणच्या विषयाला सर्चमध्ये काणकोण टाकून थांबू नका. गावाच्या नावावर अडून बसलं की श्रीलंका आणि उद्दानम दोन्ही हातचे जातात, आणि रिव्ह्यू ऑफ लिटरेचर दोन पानांत संपतो.

जुन्या काळावर काम असेल तर पबमेडचा उपयोग कमीच, तिथल्या नोंदी बऱ्यापैकी १९४६ पासून पुढच्या. आपलं मेडिकल कॉलेज १८४२ चं, पोर्तुगीज काळातल्या साथी, देवी, प्लेग यावर काही हवं असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसायला लागेल, आणि पोर्तुगीज वाचणारं कोणीतरी शोधायला लागेल.

गाळण्या

डावीकडे फिल्टर असतात. वर्ष, भाषा, पेपराचा प्रकार, इथपर्यंत ठीक. ह्यूमन्स आणि वयोगट हे फिल्टर मेश शब्दांवर चालतात, त्यामुळे ते लावले की अगदी ताजे पेपर गायब. आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे फ्री फुल टेक्स्टवर टिक. पैसे मागतो म्हणून तो पेपर रिव्ह्यूतूनच काढून टाकायचा, हे कुठलं शास्त्र? तो पेपर कदाचित तुमच्या लायब्ररीकडे आधीच आहे.

रिझल्ट बेस्ट मॅचप्रमाणे लावलेले येतात, नवीन आधी हवे असतील तर ते बदला. एखादा पेपर अगदी मनासारखा मिळाला की त्याच्या पानावर खाली जा, सिमिलर आर्टिकल्स बघा, सायटेड बाय बघा, आणि त्याला कोणते मेश शब्द लावलेत ते बघून आपल्या ब्लॉकमध्ये घाला. पान उघडल्यावर वर पेपर मागे घेतल्याची सूचना दिसली तर तो पुरावा म्हणून वापरू नका, गाइडने दिलेला असला तरी.

आता मिळवायचं

पेपराच्या पानावर उजवीकडे फुल टेक्स्ट लिंक्स असतात. पीएमसीचा लोगो असेल तर प्रश्न मिटला, पबमेड सेंट्रल म्हणजे फुकट. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चसारखी आपली काही जर्नलं फुकटच वाचायला मिळतात. फक्त प्रकाशकाचा लोगो असेल तर कॅम्पसच्या नेटवर्कवर बसून क्लिक करा, कॅम्पसचा आयपी ओळखून पेपर आपोआप उघडतो. मोबाइलच्या डेटावर बसून "उघडत नाही" म्हणू नका, वायफाय कॉलेजचं पाहिजे.

घरून, म्हणजे पेडण्याहून नाहीतर सांग्याहून काम करत असाल तर लायब्ररीतून ऑफ कॅम्पस लॉगिन मागून घ्या. भारतात बऱ्याच ठिकाणी हे इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांना जोडणाऱ्या संस्थेच्या इन्फेड या लॉगिन सोयीवरून चालतं. प्रकाशकाच्या पानावर अ‍ॅक्सेस थ्रू युअर इन्स्टिट्यूशन असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथे आपल्या संस्थेचं नाव शोधायचं, लायब्ररीने दिलेला आयडी-पासवर्ड टाकायचा. जीमेलचा नाही, लायब्ररीचा.

यात एक मोठी गोष्ट बदललीय. केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार जर्नलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू. ही सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. तुमचं कॉलेज त्यात आहे का, आणि लॉगिन कसं मिळतं, हे दोन प्रश्न घेऊन सरळ लायब्रेरियनकडे जा. सीनियरला विचारू नका, सीनियरच्या वेळी ही योजना नसेलही.

एवढं करूनही पेपर नाही मिळाला तर लायब्रेरियनला पीएमआयडी द्या, म्हणजे पेपराच्या पानावरचा पबमेडचा नंबर. "किडनीवरचा एक पेपर आहे, निळ्या रंगाचं जर्नल" असं सांगू नका. लायब्ररी डेलनेट या लायब्रऱ्यांच्या जाळ्याची सभासद असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतो. नाहीतर लेखकाला ईमेल करा, पत्ता बहुतेक वेळा प्रकाशकाच्या पानावर असतो, दोन ओळी पुरतात. बरेच जण पाठवतात, आपलं काम कोणीतरी वाचतंय याचा त्यांनाही आनंद असतो.

जपून ठेवायचं

पबमेडची हिस्टरी आठ तास काही केलं नाही तर पुसली जाते, क्लिपबोर्डही तसाच. म्हणून पबमेडवरच माय एनसीबीआयचं अकाउंट उघडा, गूगलच्या लॉगिनने होतं, आणि सर्च सेव्ह करा. सोबत वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा: तारीख, डेटाबेस, जसाच्या तसा सर्च, लावलेल्या गाळण्या, आलेला आकडा. पुढे प्रिझ्माची (किती पेपर आले, किती गाळले ते दाखवणारी) आकृती काढायची वेळ आली की हे आकडे नसले तर सगळं परत करायला लागतं.

पेपर ठेवायला झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. पबमेडवर पेपर टिक करून सेंड टू मधून सायटेशन मॅनेजर निवडा, एक एनबीआयबी फाइल उतरते, ती झोटेरोत उघडा, संदर्भ आपोआप भरले जातात. व्हँकूव्हर स्टाइलची संदर्भयादी हाताने टाइप करत बसणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

शेवटचं, सर्च बॉक्सखाली क्रिएट अलर्ट आहे. त्यावर क्लिक केलं की त्या सर्चमध्ये नवीन काही आलं तर ईमेल येतो. किडनीसारख्या चालत्या विषयाला आठवड्याचा ठेवा, माकडतापाला महिन्याचा पुरे. आणि मध्येच गाइडने टॉपिक बदलून दिला तर माय एनसीबीआयमध्ये जाऊन जुना अलर्ट बंद करा, नाहीतर एमडी होऊन दोन वर्षं झाली तरी ते मेल येतच राहतात.